अकरा इंच, बारा इंच

परवा माळा आवरताना जुन्या फायलींमध्ये एक पुठ्ठ्याचा तुकडा सापडला. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. त्यावर निळ्या शाईत, जुन्या वळणाच्या अक्षरात दोन ओळी : "कागद बारा इंची. ही कळ हलवू नये." खाली एप्रिल १९९३ची तारीख. सही नाही.

हा पुठ्ठा एका डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या पाठीवर चिकटपट्टीने लावलेला होता. तो माझ्याकडे कसा आला ते सांगायचंय. पण त्याआधी प्रिंटरच्या सेटिंगचा थोडा इतिहास सांगावा लागेल. 'प्रिंटरच्या सेटिंगला कसला आलाय इतिहास?' असं वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण एखादी गोष्ट बदलणं, ती लागू होणं आणि ती टिकणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला शाळा-कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ते या यंत्राने शिकवलं.

सुरुवात १९८०पासून करू. त्या वर्षी जपानच्या एप्सन कंपनीने एमएक्स-८० नावाचा प्रिंटर बाजारात आणला. नऊ पिनांचं डोकं, ओळीत ८० अक्षरं, वेग सेकंदाला ८० अक्षरांचा. पुढच्याच वर्षी आयबीएमने आपला पहिला पीसी काढला आणि त्याच्या जोडीला विकायला हाच प्रिंटर घेतला, फक्त नाव आपलं लावलं. त्यामुळे एप्सनची आज्ञांची भाषा ही साऱ्या डॉट मॅट्रिक्स जमातीची जणू बोलीभाषा झाली. आपल्याकडच्या ऑफिसांमधले बहुतेक प्रिंटरही पुढे तीच बोलू लागले.

भाषा अगदी सोपी. संगणकाने १५ हा आकडा पाठवला की अक्षर बारीक होणार, १८ पाठवला की पुन्हा नेहमीचं. बाकीच्या आज्ञांच्या आधी २७ हा आकडा, म्हणजे 'एस्केप'. आपण गर्दीत कुणाचं लक्ष वेधायला "अहो, ऐका जरा" म्हणतो ना, तसं. "अहो, ऐका जरा, आता ठळक छापा." "अहो, ऐका जरा, आता पान इतक्या ओळींचं धरा." प्रिंटर निमूटपणे ऐकायचा.

अडचण एकच होती. वीज गेली की हे सगळं ऐकलेलं तो विसरायचा. त्याची ही स्मृती विजेवर जगणारी. बटण बंद, की पाटी कोरी.

मग ज्या गोष्टी त्याने कधीच विसरू नयेत त्या कुठे ठेवायच्या? त्यावरचा तेव्हाचा तोडगा म्हणजे डिप स्विच. नखाएवढ्या पांढऱ्या कळांची एक छोटी रांग. बॉलपेनच्या टोकाने इकडे किंवा तिकडे सरकवायची. एमएक्स-८०मध्ये ती आत बोर्डावर होती, झाकण उघडूनच हात घालावा लागे. पुढच्या मॉडेलांमध्ये ती बाहेर, हाताशी आली. ही आठवण विजेवर अवलंबून नाही, कारण ती प्लास्टिकच्या कळेची जागा आहे. बोटाने ठेवलेली, बोटानेच बदलणारी.

त्या कळांवर काय काय असायचं बघा. शून्याला मधून तिरपी रेघ द्यायची की नाही. ओळ संपल्यावर कागद आपण होऊन वर सरकवायचा की संगणकाच्या आज्ञेची वाट बघायची. ही कळ चुकली तर दोन तऱ्हा व्हायच्या. दोघांनीही कागद सरकवला तर प्रत्येक ओळीनंतर एक ओळ कोरी, आणि कुणीच सरकवला नाही तर सगळा मजकूर एकाच ओळीवर छापून कागदावर काळी पट्टी! दोन माणसांत कामाची वाटणी नीट झाली नाही की जे होतं, तेच.

काही कळा देश निवडायच्या. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड, डेन्मार्क, स्वीडन, इटली, स्पेन. इंग्लंड निवडलं की आकड्यामागच्या जाळीच्या चिन्हाच्या जागी पौंडाचं चिन्ह यायचं. या यादीत आपण नव्हतो. देवनागरी छापायची तर अक्षर म्हणून पाठवून उपयोग नसे, चित्र म्हणून पाठवावं लागे : एकेका उभ्या रेघेतल्या कुठल्या पिना मारायच्या हे ठिपक्या-ठिपक्याने सांगायचं. त्यात आपली लिपी तीन मजली. शिरोरेषेवर वेलांटी-मात्रा, खाली उकार. मराठी छापताना तो प्रिंटर इंग्रजीपेक्षा कितीतरी सावकाश आणि कण्हत चालायचा, त्याचं कारण हे. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि तिथल्या 'जिस्ट' तंत्रामुळे बऱ्याच कचेऱ्यांमध्ये संगणकावर मराठी आली. पण प्रिंटरच्या कळांच्या रांगेत मराठीची कळ काही नव्हती.

आणि एक कळ असायची पानाच्या लांबीची. अकरा इंच की बारा इंच.

कारखान्यातून प्रिंटर यायचा तो अकरा इंचांवर. कारण अमेरिकेतला कागद साडेआठ बाय अकरा. इंचाला सहा ओळी, म्हणजे पानाला ६६. हा ६६चा आकडा संगणकाच्या जगात इतका मुरलाय की युनिक्समध्ये मजकूर पानांत पाडणारी जी जुनी आज्ञा आहे, ती आजही काही वेगळं सांगितलं नाही तर ६६ ओळींचंच पान धरते. आपल्याकडे मात्र दोन्ही बाजूंना भोकं असलेला, घडीघडीचा जो कागद यायचा तो दहा बाय बारा किंवा पंधरा बाय बारा. म्हणजे पानाला ७२ ओळी.

फरक एका इंचाचा. सहा ओळींचा.

१९९२च्या सुमाराला मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत 'कॉम्प्युटरवाला' म्हणून लागलो. वय बावीस. एका क्लासमध्ये बेसिक आणि डीबेस शिकलेलो, आणि त्या बळावर जग जिंकायला निघालेलो. तिथे हेडक्लार्क होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. संस्था सुरू झाल्यापासूनचे. खतावणीचं त्यांचं अक्षर छापल्यासारखं. कॉम्प्युटर घ्यायला त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी सभेत उघड बोलून दाखवला होता. त्यामुळे मॅनेजरसाहेबांच्या लेखी ते 'जुनं खोड', आणि मी 'नवी पिढी'.

प्रिंटर आला, मी जोडला, आणि पहिल्याच दिवशी मजकूर पानोपानी एक इंच वर सरकू लागला. माहितीपुस्तक न वाचता मला त्यातलं जेवढं ठाऊक होतं तेवढं मी केलं. संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाइलीत एक ओळ घातली. ती प्रिंटरला तीन चिन्हं पाठवायची : एस्केप, मग सी, मग एच. इंग्रजी एच का, तर त्या अक्षराचा संकेतांक ७२. "अहो, ऐका जरा, पान ७२ ओळींचं धरा." झालं! मजकूर जागच्या जागी बसला. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरज वाटली नाही, आणि खरं सांगायचं तर 'याच्या हाताला यश आहे' हे ऐकायला बरं वाटत होतं.

सकाळी आधी प्रिंटर, मग संगणक सुरू करायचा ही पद्धत पडून गेली होती. त्यामुळे पाच-सहा महिने सगळं सुरळीत चाललं.

३१ मार्च १९९३. वर्षअखेर. ठेवींवरच्या व्याजाची यादी छापायची होती, दोनशेच्या वर पानं. रात्री नऊच्या सुमारास वीज गेली. संगणक यूपीएसवर होता, तो चालू राहिला. प्रिंटर यूपीएसवर नव्हता, तसा तो कुठेच नसे. दहा मिनिटांनी वीज आली. प्रिंटर जागा झाला तो कारखान्यातल्या आठवणीवर, अकरा इंचांवर. संगणक बंदच झाला नव्हता, त्यामुळे माझी ती ओळ पुन्हा चालली नाही. अण्णांनी कागद नीट लावून दिला, मी छपाई पुढे सुरू केली आणि चहाला गेलो.

परत आलो तेव्हा गठ्ठा पडला होता. बेरजा कागदाच्या घडीवर, नावं एका पानावर आणि रकमा दुसऱ्यावर. कागदाचा खोका संपलेला. दुकान बंद. अण्णांनी काही न बोलता कोऱ्या ताव्यांवर रेघा मारल्या आणि पहाटेपर्यंत बसून उरलेली यादी हाताने लिहिली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, तुम्हाला साधा कागदही लावता येईना? जमत नसेल तर हात लावू नका मशीनला."

मला तेव्हा नक्की काय घडलं ते कळलं होतं. रात्रीच कळलं होतं. मी काही बोललो नाही.

हे इथे थांबवतो आणि जरा पुढच्या काळात जातो. कारण याच सुमाराला जगात हा प्रश्न, म्हणजे सेटिंग कुठे जतन करायचं हा प्रश्न, निराळ्या वाटेने सुटत होता.

१९८४मध्ये एचपीचा पहिला लेसरजेट आला आणि १९८५मध्ये ॲपलचा लेसररायटर. लेसररायटरच्या पोटात चक्क एक संगणक होता, आणि तो ज्याच्यासोबत विकला जायचा त्या मॅकिंटॉशपेक्षाही ताकदवान. त्याची भाषा पोस्टस्क्रिप्ट. त्याच्या पोटात एक छोटीशी कायमची पाटीही होती, वीज गेली तरी लिहिलेलं ठेवणारी. किती पानं छापली, यंत्राचं नाव काय, हे तिथे लिहिलेलं असे. बटण दाबलं की दर वेळी तो एक पान छापून आपली ओळख करून द्यायचा. ज्यांना ते कागद वाया घालवणं बघवेना ते एक छोटा कार्यक्रम पाठवून तो प्रकार कायमचा बंद करत. पण कायमचा बदल करायचा तर आधी परवलीचा शब्द द्यावा लागे. येताना तो शब्द असायचा 'शून्य', आणि पुष्कळ ठिकाणी तो कुणी बदलतच नसे! शिवाय या पाटीवर किती वेळा लिहायचं यालाही मर्यादा. ठरावीक वेळा खोडून लिहिलं की ती चिप निकामी. म्हणून जाणकार सांगत, कायमचं काही लिहायचं तर विचार करून लिहा.

पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एचपीने पीजेएल नावाची भाषा आणली. तिच्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सेटिंगचे चार थर. सर्वांत खाली कारखान्याने दिलेलं. त्यावर वापरणाऱ्याने ठरवून जतन केलेलं. त्यावर फक्त या कामापुरतं. आणि सर्वांत वर, छपाई चालू असताना त्या मजकुराने स्वतः केलेले बदल. काम संपलं की वरचे थर विरघळतात, खालचे राहतात. 'या कामापुरतं' बदलायची आज्ञा वेगळी आणि 'कायमचं' बदलायची वेगळी. माणसाचंही असंच नाही का? जन्मजात स्वभाव, अंगी बाणवलेली सवय, प्रसंगापुरतं वागणं, आणि बोलता बोलता तोंडून निसटणारा शब्द. वीज गेली की कळतं कोण कुठल्या थरावर उभं आहे.

त्यानंतर सेटिंग हळूहळू यंत्रातून बाहेर पडून संगणकात शिरलं. विंडोज २०००-एक्सपीच्या काळात ज्यांनी ऑफिसातला प्रिंटर सांभाळला त्यांना दोन सारख्या दिसणाऱ्या खिडक्या आठवत असतील. एकीत बदललं तर फक्त आपल्यापुरतं, दुसरीत बदललं तर सगळ्यांसाठी. "मी तर दोन्ही बाजूंनी छापायचं सेट केलं होतं, शेजारच्या टेबलावर का होत नाही?" या प्रश्नाचं उत्तर बहुधा तिथेच असायचं. लिनक्सच्या बाजूला १९९९मध्ये कप्स आलं. त्यातही तीच फोड : एक फाइल साऱ्या यंत्रासाठी, एक ज्याच्या त्याच्या घरात लपवलेली. आणि २०१५मध्ये विंडोज १०ने तर नवाच पायंडा पाडला. तुम्ही शेवटी जो प्रिंटर वापरलात तोच तुमचा नेहमीचा, असं ते आपणच ठरवू लागलं. ते बंद करता येतं, पण आधी तशी खूण आहे हे माहीत हवं.

अकरा इंच मात्र कुठे गेले नाहीत. ए४ कागदामागे केवढा विचार आहे! निम्मा केला तरी आकाराचं प्रमाण तेच राहतं, ही कल्पना लिश्टेनबर्ग या जर्मन प्राध्यापकाने १७८६मध्ये एका पत्रात मांडली, जर्मनीत १९२२मध्ये तिचं मानक झालं आणि पुढे ती जवळजवळ साऱ्या जगाने घेतली. अमेरिका मात्र 'लेटर'वरच राहिली, आणि सॉफ्टवेअर तर तिथूनच यायचं. म्हणून आपल्या ऑफिसात ए४चा ट्रे गच्च भरलेला असताना लेसरजेटच्या पट्टीवर अक्षरं उमटत : पीसी लोड लेटर. पीसी म्हणजे कागदाचा ट्रे, त्यात लेटर कागद भरा, एवढाच अर्थ. पण तो कुणाला कळायचा? १९९९च्या 'ऑफिस स्पेस' या सिनेमात या ओळीवर एक पात्र वैतागतं आणि शेवटी तिघं मिळून तो प्रिंटर माळरानावर नेऊन फोडतात. मला तो प्रसंग बघून हसू आलं नव्हतं.

बदलण्याचा हक्क कुणाचा, हा प्रश्नही प्रिंटरनेच जगापुढे ठेवला. १९८०च्या आसपास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सने दिलेला एक लेसर प्रिंटर होता. कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना कळवावं, अशी सोय आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी स्वतः केली होती. नव्यातही त्यांना ती करायची होती, पण त्याचा मूळ प्रोग्राम त्यांना मिळाला नाही. ज्याच्याकडे तो होता त्याने दुसऱ्याला न देण्याचं वचन दिलं होतं. स्टॉलमन यांनी १९८३मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. त्यामागच्या रागात हा प्रसंग होता असं ते स्वतः सांगत आले आहेत. आणि काही सेटिंगं तर आपल्याला दिसतही नाहीत. २००५मध्ये अमेरिकेतल्या ईएफएफ या संस्थेने दाखवून दिलं की झेरॉक्सचे काही रंगीत लेसर प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके उमटवतात, आणि त्यांत छपाईची तारीख, वेळ आणि यंत्राचा क्रमांक लिहिलेला असतो. ते बंद करायची कळ वापरणाऱ्याच्या हातात नाही.

असो. पुन्हा पतसंस्थेत येऊ.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अण्णांनी तो खराब झालेला गठ्ठा घरी नेला. पट्टीने मोजला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "अरे, हे कागद लावण्याचं नाही. दर पानाला बरोब्बर एक इंच. आणि बाराव्या कागदावर पुन्हा जागेवर येतंय बघ. म्हणजे मशीन अकराच्या हिशेबाने चालतंय आणि कागद बाराचा." अकरा बारे एकशे बत्तीस! ज्या माणसाला मशीनला हात लावू नका असं सांगितलं होतं त्याने नुसत्या पट्टीने आणि पाढ्याने रोग पकडला होता. मग त्यांनी प्रिंटरचं माहितीपुस्तक मागून घेतलं आणि शब्दकोश घेऊन चार संध्याकाळी वाचलं. पाचव्या दिवशी बॉलपेनच्या टोकाने कळ सरकवली. छापून पाहिलं. काही फरक नाही. हिरमुसून घरी गेले.

सकाळी प्रिंटर सुरू केला तर मजकूर जागेवर! प्रिंटर कळांकडे बघतो तो फक्त जागा होताना, हे त्या पुस्तकात लिहिलेलं होतं, पण नजरेतून सुटलं होतं. अण्णा हसून म्हणाले, "याचं आपल्यासारखंच आहे. नवी गोष्ट पटायला एक झोप काढावी लागते." नंतर माझ्या देखत त्यांनी वीज दोनदा बंद करून चालू केली, दोन्ही वेळा छापून पाहिलं, आणि मगच तो पुठ्ठा लिहिला.

मी विचारलं, "अण्णा, सही नाही केली?"

"सही केली की लोक चूक कुणाची होती ते विचारतात," ते म्हणाले. मग पुठ्ठा चिकटवता चिकटवता, माझ्याकडे न बघता, "पण मग इतके महिने बरोबर कसं येत होतं रे?"

मी म्हणालो, "काय माहीत."

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. त्या दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी माझी ती ओळ फाइलीतून काढून टाकली. आता तिची गरज नव्हती, हे खरं. पण ती कुणाला दिसू नये म्हणून काढली, हे जास्त खरं.

पुढे ते निवृत्त झाले. चार-पाच वर्षांनी तो प्रिंटर भंगारात निघाला, तेव्हा त्याच्या पाठीवरचा पुठ्ठा मी सोडवून घेतला. अण्णांना नेऊन द्यावा आणि सगळं सांगून टाकावं असं मनात होतं. आज-उद्या करत राहिलं. नंतर एक दिवस गावाहून आलेल्या कुणाकडून ते गेल्याचं कळलं.

आज माझ्या घरातला प्रिंटर वायफायवर चालतो. ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडायचं, हवं ते बदलायचं, खाली 'जतन करा' असं बटण असतं ते दाबायचं. घाईत पुष्कळदा ते बटण दाबायचं राहतं, पान बंद होतं आणि बदल हवेत विरतात. मुलगी वैतागते, "बाबा, मी केलं होतं सेट!" मी तिला सांगतो, एकदा बंद करून चालू कर, मग बघ. त्यानंतरही राहिलं तर तू खरंच बदललंस.

पुठ्ठा टाकून दिला नाही. प्रिंटरच्या पाठीवर लावलाय. या प्रिंटरला बारा इंची कागद लागत नाही आणि हलवायला कळही नाही.